रिकीब ते क्लीट : पाय अडकवण्याचा आणि सोडवण्याचा इतिहास

१. छत्रपती संभाजीनगरात आठवडाभर सायकलवरून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा आणि रविवारी दौलताबादचा घाट किंवा शरणापूरजवळच्या भांगसीमाता गडाकडची वाट धरणारा तरुण सायकलच्या दुकानात एका प्रश्नाशी येऊन थांबतो : पेडल कोणते घ्यावे आणि त्याला साजेसा बूट कोणता? वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. त्याची मुळे मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. वाहनावर बसलेल्या माणसाचा पाय कसा अडकवावा, हा त्याचा पहिला भाग. पडण्याची वेळ आली तर तो पाय कसा सुटावा, हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर लवकर सापडले. दुसऱ्यासाठी अनेकांची हाडे मोडावी लागली.

२. आरंभ घोड्यापासून करावा लागतो. साँचीच्या स्तूपांवर इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील जे शिल्पपट आहेत, त्यांतील काही घोडेस्वारांच्या पायांशी एक लहानसा फास दिसतो. त्यात अख्खे पाऊल मावत नाही. मावतो तो केवळ अंगठा. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातील अश्वारूढ आकृतीचाही दाखला अभ्यासक याच चर्चेत देतात. जगाच्या इतिहासात रिकिबीच्या पूर्वरूपाचे जे सर्वांत जुने पुरावे मानले जातात, त्यांत या भारतीय शिल्पांची गणना होते.

३. फास अंगठ्यापुरताच का असावा, याचे उत्तर हवामानात आहे. उष्ण देशात स्वार अनवाणी बसे आणि मोकळ्या अंगठ्याला दोरीचा फास पुरे. थंड मुलखात पायात जाड पादत्राण असल्याने ही युक्ती तेथे निरुपयोगी होती. म्हणजे पाय अडकवण्याचे साधन कसे असेल, हे पायात काय आहे यावरून ठरले. हे सूत्र या कथेत पुन्हा पुन्हा भेटते.

४. अख्खे पाऊल मावेल अशा रिकिबीचे ठाम पुरावे चीनमध्ये मिळतात. इ. स. ३०२ मधील चांगशा येथील थडग्यातील मातीच्या मूर्तीवर एकाच बाजूला रिकीब आहे. ती बहुधा केवळ चढण्यासाठी होती. इ. स. ४१५ मध्ये मरण पावलेल्या फंग सूफू या अधिकाऱ्याच्या थडग्यात मात्र तुतीच्या लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेला कांस्यपत्रा मढवलेली रिकिबींची जोडी सापडली. पुढे मध्य आशियातील अश्वारोही टोळ्यांनी हे साधन पश्चिमेकडे नेले आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन लष्करी ग्रंथात त्याचा उल्लेख आला.

५. रिकिबीमुळे स्वाराला दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहता येऊ लागले. भाला पेलताना किंवा मागे वळून बाण सोडताना तोल टिकू लागला. परंतु तिने एक नवे मरणही आणले. स्वार खाली पडला आणि पाऊल रिकिबीत अडकलेलेच राहिले, तर बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेई. यावर दोन उपाय निघाले. पहिला बुटाचा : घोडेस्वाराच्या बुटाला उंच टाच आली, जेणेकरून पाऊल रिकिबीतून आरपार सरकू नये. दुसरा खोगिराचा : एकोणिसाव्या शतकात स्वार पडताच आपोआप उघडणाऱ्या किंवा खोगिरापासून निसटणाऱ्या सुरक्षित रिकिबी बनू लागल्या.

६. आज जेथे छत्रपती संभाजीनगर आहे, ती भूमी घोडदळाचीच. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे हे शहर वसवले. त्याच्या सैन्यात मराठा घोडेस्वारांची मोठी फळी होती आणि चपळ हालचालींच्या बळावर त्याने मुघलांना अनेक वर्षे झुंजवले. त्या काळातील दख्खनी व मुघल चित्रांत स्वाराचे पाऊल धातूच्या रिकिबीत टेकलेले दिसते. चढउतारांच्या खडकाळ मुलखात क्षणात चढणे आणि क्षणात उतरणे ही त्या युद्धपद्धतीची गरज होती. पक्की मांड आणि झटपट सुटका, दोन्ही एकाच वेळी हवे होते.

७. सायकलच्या जन्मावेळी मात्र पाय मोकळेच होते. कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ मध्ये बनवलेल्या लाकडी दुचाकीला पेडल नव्हते. स्वार जमिनीला पाय मारत पुढे जाई. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातील सायकलींच्या पुढच्या चाकाला पेडल बसले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर सेफ्टी' आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि पेडलचे बळ साखळीने मागच्या चाकाला मिळत होते. आजच्या सायकलीचा सांगाडा तेथून सुरू होतो.

८. साखळीच्या सायकलीने वेग वाढला आणि शर्यती वाढल्या. पाय जलद फिरू लागताच पेडलवरून घसरू लागले. त्यावर शर्यतपटूंनी जो उपाय स्वीकारला, तो रिकिबीचाच धाकटा भाऊ म्हणावा असा होता. पेडलच्या पुढे धातूचा वाकवलेला पिंजरा, म्हणजे 'टो-क्लिप', आणि पाऊल आवळण्यासाठी चामड्याची वादी. बुटाच्या तळाला खाचेची पट्टी ठोकली जाई. ती पेडलच्या कडेवर बसे. वादी आवळली की पाय जागचा हलत नसे.

९. अडचण उतरताना येई. थांबण्यापूर्वी खाली वाकून, हाताने बक्कल सैल करून मगच पाय मागे ओढावा लागे. शर्यतीत हे चालून जाई, कारण शर्यतीत थांबायचे नसते. अपघातात मात्र हाताला तेवढी सवड मिळत नाही. तरीही जवळजवळ पाऊण शतक व्यावसायिक सायकलपटूंनी हीच व्यवस्था वापरली.

१०. वेगळा मार्ग कोणाला सुचलाच नाही, असे नव्हे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच पिंजऱ्याविना चालणारे पेडल कल्पिले होते. पाऊल वळवले की बूट पेडलमध्ये अडके आणि पुन्हा वळवले की सुटे. कल्पना अचूक होती, पण ती रुळली नाही. तंत्राच्या इतिहासात योग्य उत्तर आधी येते आणि त्याची गरज लोकांना नंतर पटते, असे अनेकदा घडते.

११. पुढचा प्रयत्न इटलीत झाला. मिलान–सान रेमो ही प्रतिष्ठेची शर्यत १९४३ मध्ये जिंकलेले चिनो चिनेल्ली पुढे सायकलींचे नामांकित उत्पादक बनले. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'एम-७१' हे पेडल आणले. त्यात बुटाच्या तळाची पट्टी पेडलच्या खाचेत सरकवून कळ दाबली की पाय पक्का बसे. पिंजरा आणि वादी दोन्ही गेले. परंतु सुटण्यासाठी पुन्हा खाली वाकून हातानेच कळ ओढावी लागे. सायकलपटूंनी त्याला मरणाचे पेडल असे टोपणनाव दिले, ते याच कारणाने. अडकवण्याचे शास्त्र पुढे गेले होते. सोडवण्याचे तेथेच राहिले होते.

१२. उत्तर आले ते बर्फावरून. स्कीइंगमध्ये बूट लांब फळीला घट्ट बांधलेला असे. पडताना फळी एकीकडे आणि शरीर दुसरीकडे वळले की पायाचे हाड पिळवटून मोडे. फ्रान्सच्या नव्हेर येथे जाँ बेल यांनी १९५१ मध्ये 'लुक' ही कंपनी स्थापली. ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ बसताच बूट आपोआप मोकळा करणारी स्कीची बांधणी हे तिचे वैशिष्ट्य होते. स्प्रिंगचा ताण आणि पायाचा पीळ यांचा तोल साधणे, हे त्यामागचे तत्त्व.

१३. हेच तत्त्व 'लुक'ने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला लावले. बुटाच्या तळाला प्लास्टिकची त्रिकोणी पट्टी, म्हणजे क्लीट, तीन स्क्रूंनी बसे. पाय दाबला की ती पेडलमध्ये खटकन अडके आणि टाच बाहेर वळवली की सुटे. हाताचे काम संपले. १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी हीच पेडले वापरून टूर द फ्रान्स जिंकली. ते त्यांचे पाचवे विजेतेपद होते. त्यानंतर काही वर्षांतच व्यावसायिक शर्यतींमधून चामड्याच्या वाद्या हद्दपार झाल्या.

१४. 'क्लिपलेस' या नावाचा उलगडाही येथेच होतो. ज्या पेडलात बूट पक्का अडकतो, त्याला 'क्लिप नसलेले' का म्हणावे, असा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. येथील 'क्लिप' म्हणजे जुना टो-क्लिपचा पिंजरा. तो गेला, म्हणून पेडल क्लिपलेस. जी वस्तू आता बहुतेकांनी पाहिलेलीही नाही, तिच्या अभावावरून हे नाव पडले आणि टिकले.

१५. रस्त्यावरच्या शर्यतपटूचा प्रश्न सुटला होता. डोंगरातल्या सायकलपटूचा नव्हता. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७६ पासून 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत भरू लागली. उतरताना मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस इतके तापे, की प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. या हौशी तरुणांतून माउंटन बायकिंग उभे राहिले. त्यांना वाटेत उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागे, दगडांवरून चालावे लागे, चिखल तुडवावा लागे. तळाबाहेर आलेल्या प्लास्टिकच्या क्लीटवर असे चालणे अशक्य होते.

१६. जपानच्या साकाई शहरातील शिमानो कंपनीने १९९० मध्ये यावर 'एसपीडी' ही रचना आणली. साकाई हे सुऱ्या आणि पोलादी पात्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेले कारागिरांचे गाव, आणि शिमानोचा आरंभही तेथेच १९२१ मध्ये झाला. एसपीडीची क्लीट छोटी, धातूची आणि दोनच स्क्रूंची होती. खरी कल्पकता बुटात होती. क्लीट रबरी तळातील खाचेत आत बसत असल्याने चालताना मुख्यतः रबर जमिनीला टेके. पेडलला दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येई. साँचीच्या अंगठ्याच्या फासासारखे येथेही पादत्राणानेच बांधणीचे रूप ठरवले.

१७. या पेडलाचे काम समजून घेतले की भीती बरीच कमी होते. क्लीटचे टोक पेडलच्या पुढच्या आकड्याखाली जाते. टाच खाली दाबली की मागचा स्प्रिंगचा जबडा उघडतो आणि क्लीटवर मिटतो. टाच बाहेर फिरवली की क्लीटचा खांदा त्याच जबड्याला बाजूला सारतो आणि पाय मोकळा होतो. स्प्रिंगचा ताण ॲलन कीने कमी-जास्त करता येतो. नवख्याने तो सर्वांत सैल ठेवणे शहाणपणाचे. एकाहून अधिक दिशांनी सुटणारी क्लीटही मिळते. घाबरून पाय वेडावाकडा ओढला तरी ती साथ देण्याची शक्यता अधिक असते.

१८. आता संभाजीनगरचे रस्ते. जालना रोडवर क्रांती चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत सिग्नल आणि अचानक आडवी येणारी वाहने यांमुळे वारंवार थांबावे लागते. जुन्या शहरात मलिक अंबर आणि औरंगजेब यांच्या काळातील दरवाजे आहेत. मकाई दरवाजा किंवा पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा येथे समोरून येणाऱ्या वाहनासाठी थबकणे भागच पडते. वेरूळकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दौलताबादच्या तटातील अरुंद दरवाजाची स्थितीही तीच. घोडे आणि हत्ती यांच्या मापाने बांधलेल्या या कमानींखाली सायकलपटूचा एक पाय आधीच मोकळा असला पाहिजे.

१९. क्लिपलेस पेडल शिकणाऱ्याचे पहिले पडणे बहुधा वेगात होत नाही; ते थांबता थांबता होते. सायकल उभी राहते, पाय अडकलेलाच असतो, आणि स्वार झाड कोसळावे तसा एका कुशीवर आडवा होतो. मैदानात हे हसण्यावारी जाते. वाळूजच्या रस्त्यावर मागे मालमोटार असेल, तर जात नाही. म्हणून आधी भिंतीला धरून आणि मग आमखाससारख्या मोकळ्या मैदानावर पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव अंगवळणी पडेपर्यंत करावा. थांबण्याच्या बरेच आधी, चाके फिरत असतानाच, नेहमी एकच ठरावीक पाय सोडण्याची सवय लावावी.

२०. डोंगरवाटांची परीक्षा वेगळी. दख्खनचा काळा बसाल्ट खडक ओला झाला की निसरडा होतो आणि त्यावर उघड्या क्लीटला पकड मिळत नाही. औरंगाबाद लेण्यांच्या किंवा देवगिरीच्या पायऱ्यांवर तीन स्क्रूंच्या क्लीटचे बूट घालून चालणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात मराठवाड्याची चिकट काळी माती क्लीटच्या खाचेत भरते; मग पाय अडकतही नाही आणि अडकलाच तर सहज सुटतही नाही. मागून पुढे उघडे, चिखल बाहेर पडू देणारे पेडल आणि खोल नक्षीचा रबरी तळ येथे उपयोगी पडतो. खिशात एक काडी ठेवली, तर खाच साफ करता येते.

२१. क्लिपलेसचा लाभ नेमका कोणता, याविषयी एक जुनी समजूत तपासून घ्यावी. पाय बांधलेला असला की पेडल वर ओढून जादा बळ मिळते, असे अनेक वर्षे सांगितले जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढत पेडल मारायला लावले, तेव्हा त्यांची ऊर्जा उलट कमी काटकसरीने खर्च झाली. खरा लाभ स्थैर्याचा आहे. खडबडीत वाटेवर पाय उडत नाही, जलद फिरवताना घसरत नाही आणि चवडा दर वेळी पेडलवर एकाच जागी राहतो.

२२. पाय न बांधताही हे बरेचसे साधते, याचा दाखला ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी दिला. क्लिपलेसच्या युगात त्यांनी सपाट पेडलवर डाउनहिलची जगज्जेतेपदे मिळवली आणि २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे एन्ड्युरो मालिकाही जिंकली. रुंद पेडलवर उभ्या केलेल्या बारीक पिना आणि चिकट रबराचा सपाट तळ, एवढेच त्यांचे साधन. भारतीय रस्त्यांवरची काळी रोडस्टर सायकल आठवली की या परंपरेचे घरगुती रूप दिसते. तिचे रबरी ठोकळ्यांचे पेडल चपलेसाठी, अनवाणी पायासाठी आणि कारखान्यातल्या बुटासाठीही चालत आले.

२३. निवडीचा निष्कर्ष या इतिहासातूनच निघतो. सायकल केवळ कामावर जाण्यासाठी असेल आणि वाटेत फार थांबावे लागत असेल, तर पिनांचे सपाट पेडल पुरेसे आहे. कामावर जाणे आणि डोंगर दोन्ही असतील, तर दोन स्क्रूंची, तळात लपणारी क्लीट आणि रबरी तळाचा बूट योग्य. त्याच बुटाने कारखान्याच्या जिन्यावरही चालता येते. रोज वेगवेगळी पादत्राणे घालणाऱ्यासाठी एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला क्लिपलेस असे दुहेरी पेडल मिळते. तीन स्क्रूंची मोठी क्लीट मात्र ज्याला वाटेत चालायचेच नाही, अशा रस्त्यावरच्या शर्यतपटूसाठी ठेवावी.

२४. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर अधिकच. चपलेची सवय असलेला पाय अनेकदा पुढे रुंद असतो. म्हणून बोटांना जागा आणि टाचेला पकड, हे दोन्ही तपासावे. क्लीट चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे बसवावी. टेबलावर बसून पाय मोकळे सोडले की पंजे ज्या दिशेला कलतात, तोच कल क्लीटला द्यावा. जबरदस्तीने सरळ केलेल्या पावलाची किंमत गुडघा मोजतो.

२५. साँचीच्या शिल्पकाराने घोडेस्वाराच्या अंगठ्याभोवती फास कोरला, तेव्हा त्याच्यासमोर अनवाणी पाय होता. चिनेल्लींसमोर न थांबणारा शर्यतपटू होता. जाँ बेल यांनी पडणाऱ्या माणसाचा विचार केला आणि त्यांचीच युक्ती टिकली. दुकानात पेडल हाती घेणाऱ्याने आधी आपल्या पायात रोज काय असते ते आठवावे. मग बूट घालून, क्लीट अडकवून, टाच बाहेर वळवून पाहावी. पाय पहिल्याच झटक्यात, न बघता, सुटला तर ते पेडल आपले.